दहा कळा की दोन?

यंदा आमच्या संगीत मंडळात वर्गप्रतिनिधींच्या निवडीपेक्षाही चुरशीचा वाद रंगला आहे. मंडळाच्या गिटारसाठी पायाने दाबायच्या कळांची पाटी घ्यायची आहे. दुकानदार तिला फूटस्विच किंवा फूट कंट्रोलर म्हणतात. एका पक्षाचे म्हणणे असे की, घ्यायची तर दहा कळांची, वर दोन हलती पेडले असलेली, लांबरुंद पाटी घ्यावी. रंगमंचावर ठेवली की समोरच्या रांगेतल्यांनी माना उंचावून पाहिले पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो, दोन कळा पुरेत. या दुसऱ्या पक्षात तूर्त मी आणि आमचा तबलजी असे दोघेच आहोत, आणि तबलजीचा या प्रकरणाशी तसा काही संबंध नाही. हा अंक वाचकांच्या हाती पडेपर्यंत खरेदी होऊनही गेली असेल. तरीही माझी बाजू छापील स्वरूपात नोंदली जावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

ज्यांनी गिटार फक्त दुरून पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गिटारवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. डावा हात तारा दाबतो, उजवा छेडतो. पण गाण्याच्या मध्येच आवाजाचा पोत बदलायचा असतो. कडव्याच्या मागे मोकळा, स्वच्छ आवाज हवा आणि दोन कडव्यांमधल्या तुकड्यात तोच आवाज भरदार, किंचित खरखरीत, चार माणसांना उठून ऐकू येईल असा हवा. हे काम कोणी करायचे? उरतो पाय. म्हणून पायाखाली कळ आली.

ही कल्पना काही परदेशातून अचानक उगवलेली नाही. आपल्या संगीत नाटकांना साथ करणारा ऑर्गनवादक दोन्ही पायांनी भाता हलवीत असे, म्हणून त्याची दहाही बोटे पट्ट्यांवर मोकळी राहत. चर्चमधल्या जुन्या भात्याच्या ऑर्गनचेही तेच. आणि ज्यांना नाटकही नको आणि चर्चही नको, त्यांनी आपल्या आईचे शिलाईचे मशीन आठवावे. माझी आई ब्लाउज शिवताना पायटा चालवते, वेग कमी-जास्त करते, टाका संपतो तिथे नेमकी थांबते. तिची नजर या सगळ्या वेळात एकदाही पायाकडे जात नाही. ती कापडाकडे असते. वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यावरच उभा आहे.

गिटारच्या बाबतीत कळेचा इतिहास फार लांब नाही. आवाज मुद्दाम फाडणारी माएस्ट्रो कंपनीची फझ नावाची पेटी १९६२ साली बाजारात आली, आणि १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या एका गाण्यात ती वाजल्यावर जगभर तिची मागणी वाढली. १९७७ मध्ये जपानच्या बॉस कंपनीने आपली छोटी पेडले काढली. तळहातापेक्षा थोडी मोठी धातूची डबी आणि तिच्यावर पायाने दाबायला रुंद रबरी पाट. पुढे एकेका इफेक्टसाठी एकेक डबी घेण्याऐवजी सगळे इफेक्ट एकाच यंत्रात कोंबण्याची सोय झाली. त्याला प्रोसेसर म्हणतात. आमच्यासारख्या मंडळांना हाच परवडतो.

आमच्या मंडळाकडे बॉसचा जीटी-१ आहे. वजन १.३ किलो. विजेवर चालतो, नाहीतर चार पेन्सिल सेलवर. त्याच्या अंगावर मुळातच तीन कळा आणि उजवीकडे एक हलते पेडल आहे. दोन कळा साठवलेल्या आवाजांच्या यादीत मागे-पुढे जाण्यासाठी आणि तिसरी, जिला सीटीएल-१ म्हणतात, ती आपण ठरवू त्या कामासाठी. अडचण आहे ती पहिल्या दोन कळांची. त्यांच्यावर पाय ठेवून पहिल्या आवाजावरून चौथ्यावर जायचे तर तीनदा दाबावे लागते, आणि वाटेत दुसरा व तिसरा आवाज लागून जातो. शिवाय बऱ्याच प्रोसेसरांत एका आवाजावरून दुसऱ्यावर जाताना क्षणभर खंड पडतो. संथ भावगीतात तो खंड भुताने श्वास घेतल्यासारखा ऐकू येतो. तेव्हा आणखी कळा हव्यात, इथपर्यंत दोन्ही पक्षांचे एकमत आहे.

आता प्रतिपक्षाची बाजू मी प्रामाणिकपणे मांडतो. त्यांच्या मनात बेरिंजरची एफसीबी-१०१० ही पाटी आहे. दहा कळा, आवाजांचे गठ्ठे बदलायला आणखी दोन आणि दोन हलती पेडले. ती चालते मिडी या पद्धतीवर. मिडी म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्ययंत्रांनी एकमेकांशी बोलण्याची ठरलेली भाषा. १९८३ साली दोन निरनिराळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, आणि चाळीस वर्षे उलटून गेली तरी ती भाषा टिकून आहे. तिच्यातून एक कळ दाबली की सरळ चौथ्या किंवा चाळिसाव्या आवाजावर उडी घेता येते, एकूण १२८ पर्यंत. (काही यंत्रे ही मोजणी शून्यापासून करतात आणि काही एकापासून, त्यामुळे पाटीवर पाच आणि यंत्रावर सहा असा घोळ नव्याने घेणाऱ्यांकडे पहिल्याच दिवशी होतो.) ज्याच्याकडे सात-आठ सुटी पेडले आहेत, त्याला एका क्षणी तीन बंद आणि दोन चालू करायची असतात. त्याने पायाची कसरत किती करावी? अशा वादकासाठी एका कळेत पाच हुकूम भरून ठेवणारी पाटी म्हणजे वरदानच. स्टुडिओत, मोठ्या वाद्यवृंदात, व्यवसाय म्हणून वाजवणाऱ्याला ती जरूर असावी. याबद्दल माझी तक्रार नाही.

पण आमच्या जीटी-१ ला मिडीचे पाच टोकांचे गोल भोकच नाही! त्याच्यावर यूएसबीची जागा आहे, ती संगणकासाठी. म्हणजे ही दहा कळांची पाटी आमच्या यंत्राला सरळ जोडताच येणार नाही. मी कला शाखेचा विद्यार्थी, तेव्हा विज्ञान शाखेच्या मित्रांनी हसण्यापूर्वी माहितीपुस्तिका उघडून मागच्या बाजूचे चित्र पाहावे. मी ती शब्दकोश जवळ घेऊन दोनदा वाचली आहे. तिथे सीटीएल २, ३ असे लिहिलेले एक भोक आहे, आणि त्यात दोन साध्या कळा लागतात. हे कळल्यावर प्रतिपक्षाने काय म्हणावे? ‘मग प्रोसेसरही नवा घेऊ!’ अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपल्याकडे म्हणतात. इथे पायासाठी नवे अंथरूण, आणि अंथरुणासाठी नवे घर, असा प्रकार होऊ घातला आहे.

समजा, पैशाचा प्रश्न नाही. समजा, एखाद्या दानशूर माजी विद्यार्थ्याने सगळे यंत्र फुकट दिले. तरीही मी दोनच कळा म्हणेन. कारण पायाला डोळे नसतात.

हे सिद्ध करायला मी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी संगीत मंडळाच्या खोलीत एक प्रयोग केला. फरशीवर खडूने दहा चौकोन काढले, पाच-पाचच्या दोन ओळी, मोठ्या पाटीवर असतात तशा. शेजारी नुसते दोन चौकोन काढले, मध्ये एक वीत अंतर ठेवून. मग गिटार वाजवणाऱ्या चौघांना एकेक करून उभे केले आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत वाजवायला सांगितले. मी आकडा पुकारायचा, त्यांनी पाय ठेवायचा. दोन चौकोनांत कोणीच चुकले नाही. दहांत खालच्या ओळीची दोन टोके बरोबर सापडत होती, पण वरच्या ओळीतला मधला आकडा पुकारला की चौघांचीही मान खाली जायची. आणि मान खाली गेली की हात अडखळायचा. आमचा तबलजी कोपऱ्यात बसून ठेका देत होता, त्याने तर डोळे मिटूनच सांगितले, ‘आत्ता याने खाली पाहिले.’ त्याला ते लयीत ऐकू आले होते. माझ्या पक्षात तो आला तो त्या दिवसापासून.

वाद्यवृंदात वादकाची नजर कुठे असावी? गाणाऱ्याकडे. गाणारी मुलगी श्वास कधी घेते, एखादी जागा पुन्हा घेणार आहे का, कडवे विसरली आहे का, हे सगळे तिच्या चेहऱ्यावर आधी दिसते आणि मग गळ्यातून निघते. वसईत लग्नाच्या हॉलमध्ये, गावच्या सणाला किंवा मंडपात वाजवणारे वाद्यवृंद आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांतला चांगला गिटारवाला ओळखण्याची माझी खूण सोपी आहे. तो रात्रभर गायकाकडे पाहतो. दुसरा असतो तो रात्रभर बुटांकडे पाहतो, जणू तिथे कोणी त्याचे पैसे टाकले आहेत.

मग खरोखर कळा लागतात तरी किती? मी मंडळाच्या वहीतून गेल्या वर्षी बसवलेली गाणी काढली. त्यात भावगीते होती, दोन कोळीगीते, नाताळची गाणी, हिंदी चित्रपटातली गाणी आणि युवा महोत्सवासाठी बसवलेले एक समूहगीत. प्रत्येक गाण्यात गिटारचा आवाज किती वेळा आणि कितींमध्ये बदलतो ते मांडले. एकाही गाण्यात तीनपेक्षा जास्त वेगळे आवाज नाहीत. बहुतेकांत दोनच. कोळीगीतांत तर एकच, आणि तिथे गिटारवाल्याने आवाज बदलायचा प्रयत्न केला तर ढोलकीवाला त्याला मानेनेच गप्प करतो. गाण्याचा मुख्य आवाज वाजवण्यापूर्वी यंत्रावर लावून ठेवायचा, हे दोन गाण्यांच्या मध्ये निवांत करता येते. गाणे चालू असताना हवी असते एक कळ तुकड्याच्या वेळी आवाज उचलायला, आणि दुसरी प्रतिध्वनीचा वेग पायाने ठेका देऊन लावायला. दुसरीचे महत्त्व मी जास्त मानतो. गाणे प्रत्येक वेळी त्याच लयीत सुरू होत नाही. तबलजीचा हात त्या दिवशी कसा आहे यावर ती ठरते, आणि प्रतिध्वनी त्या लयीत बसला नाही तर सगळे गाणे चिखलात चालल्यासारखे वाटते. यंत्रावरची तिसरी कळ उरते ती आवाज पूर्ण बंद करून तारा जुळवायला. झाले.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही जाहिरातीत नसते. आपल्याकडे वादक अनवाणी वाजवतात. गणपतीच्या मंडपात, सरस्वतीपूजनाला, देवीसमोरच्या कार्यक्रमात चपला खालीच निघतात. नाताळात किंवा चर्चच्या सणाला तोच मुलगा नवे कोरे बूट घालून उभा असतो. परदेशी यंत्रे बनवणारा माणूस बूट गृहीत धरतो. म्हणून बहुतेक कळा म्हणजे लोखंडी गोल खुंट्या, ज्या जोर लावल्यावर ‘खट्’ करून बसतात. अनवाणी पायाच्या अंगठ्याखाली अशी खुंटी पाच गाणी दाबून पाहावी, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. शिवाय तो ‘खट्’ आवाज नाचाच्या गाण्यात कोणाला ऐकू येत नाही, पण मिस्सेत सगळे स्तब्ध असताना आणि एकच गिटार हळू वाजत असताना तो शेवटच्या बाकापर्यंत जातो. तेव्हा पाट रुंद, रबरी आणि दाबल्यावर मुका राहणारा हवा. बॉसच्याच एफएस-५यू या कळेला तसा पाट आहे. अशा दोन घेऊन, दोन शेपट्यांच्या एका तारेने त्या जीटी-१ च्या भोकात लावता येतात. एफएस-६ मध्ये दोन कळा एकाच डबीत मिळतात. पण सुट्या कळांचा फायदा असा की, दोहोंमधले अंतर ज्याने त्याने आपल्या पावलाच्या मापाने ठेवावे.

घेताना एका बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवले पाहिजेत. कळा दोन जातींच्या असतात. एक दाबली की बसून राहते आणि पुन्हा दाबल्यावर सुटते, घरातल्या दिव्याच्या बटणासारखी. दुसरी दाबून धरली तेवढाच वेळ जोडते, दारावरच्या घंटीसारखी. ठेका देऊन वेग लावायचा तर दुसऱ्या जातीचीच हवी. पहिल्या जातीची लावली तर यंत्राला निम्मेच ठोके कळतात आणि प्रतिध्वनी भलत्याच चालीने निघतो. एफएस-५ च्या नावाच्या शेवटी यू असेल तर घंटीची जात, एल असेल तर दिव्याची. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि दिसायलाही बहिणी-बहिणी. तारही पाहून घ्यावी. एकाच भोकातून दोन कळांचे काम घ्यायचे तर तारेच्या टोकावर दोन काळी वळी हवीत. एक वळे असलेली गिटारची नेहमीची तार लावली तर एकच कळ चालेल, आणि दुसरी बिघडली म्हणून आपण दुकानदाराशी भांडत बसू.

ज्यांना एवढेही परवडत नाही त्यांनी निराश होऊ नये. घंटीच्या जातीची कळ म्हणजे आत दोन पत्र्यांची भेट, दुसरे काही नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला अशा कळा सुट्या मिळतात. दोन कळा, एक तीन जोडांचे भोक, थोडी तार आणि एक मजबूत डबी. भोकाच्या टोकाचा जोड एका कळेला, मधल्या वळ्याचा दुसऱ्या कळेला आणि तिसरा जोड दोघींच्या दुसऱ्या पायांना सामाईक. कथिलाचे पाच-सहा ठिपके, की काम झाले. आमच्या गल्लीत मिक्सर दुरुस्त करणारे एक काका आहेत. मी त्यांना कागदावर आकृती दाखवली तेव्हा ते म्हणाले, ‘एवढंच? आणि याला विलायती नाव?’ मंडळाने अधिकृत खरेदीच करावी, पावती लागते, हे मला मान्य आहे. पण घरी सराव करणाऱ्या मुलाने एवढ्यासाठी थांबू नये.

वजनाचा आणि हवेचा मुद्दा थोडक्यात सांगतो. आमचे सामान टेम्पोने जात नाही, लोकलने जाते. युवा महोत्सवाला जायचे म्हणजे सकाळची विरारची गाडी. पाठीवर गिटार आणि हातात हार्मोनियम असताना तिसऱ्या माणसाच्या डोक्यावर लोखंडी पाटी देऊन वसई रोडला चढून दाखवावे, मी माझा विरोध मागे घेईन. तिकडे रंगमंचावर मांडामांडीला मोजकी मिनिटे मिळतात, त्यात दोन कळा जोडणे एका माणसाचे काम. आणि आपली हवा खारी. इथे पावसाळ्यात खिडकीचे गज गंजतात, तिथे कळेच्या आतल्या पत्र्यांचे काय? दहा कळांची पाटी म्हणजे गंजायला दहा जागा. दोन कळा कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवता येतात.

आता खरी गोष्ट. मंडळाला यंदा जी रक्कम मिळाली आहे ती एकच आहे आणि ती पुढच्या वर्षी याच महिन्यात पुन्हा मिळेल, तोवर नाही. मोठ्या पाटीत, आणि तिच्यामागून येणाऱ्या नव्या प्रोसेसरमध्ये, ती सगळी जाईल. दोन कळांत तिचा लहानसा भाग जाईल. उरलेल्या रकमेत रंगमंचावर गाणाऱ्यांकडे तोंड केलेला एक स्पीकर येऊ शकतो. त्याला मॉनिटर म्हणतात. आमच्या मंडळात तो आजवर कधीच नव्हता. श्रोत्यांकडचे दोन मोठे कर्णे आहेत, पण त्यांच्यामागे उभ्या असलेल्या मुलींना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. त्यांना ऐकू येते ती गिटार, कारण गिटारचा डबा त्यांच्या कानाशी असतो. म्हणून त्या एक बोट कानात घालून गातात. गेल्या स्नेहसंमेलनात समूहगीत अर्ध्या सुराने वर चढले तेव्हा सगळ्यांनी मुलींना नावे ठेवली. एका परीक्षकांनी तर तयारी कमी पडली असा शेरा दिला. मी तालमींना रोज हजर होतो. तयारी कमी नव्हती. ज्याला स्वतःचा आवाजच ऐकू येत नाही त्याने सूर कशाने धरावा? आणि गंमत अशी की, खरेदीच्या बैठकीत त्या पाच जणींपैकी एकीलाही बोलावलेले नव्हते, कारण विषय ‘गिटारचा’ होता!

प्रतिपक्षातले माझे मित्र म्हणतात की, मोठी पाटी असली म्हणजे नवी मुले मंडळाकडे खेचली जातील. असतीलही. पण येतील ती गिटारवालीच. आमच्याकडे गिटारवाले चार आहेत आणि गिटार एक. गाणाऱ्या पाच होत्या, त्यांतल्या दोघींनी यंदा नाव दिलेले नाही.

तेव्हा मंडळाच्या प्रमुख सरांना माझी विनंती आहे की, पुढच्या बैठकीला गाणाऱ्या मुलींना बोलवावे आणि दोन कळा व एक मॉनिटर असा प्रस्ताव त्यांच्यासमोर ठेवावा. कळा कुठल्या, हे वर सांगितलेच आहे. मॉनिटर मध्यभागी, गाणाऱ्यांपासून चार पावलांवर, त्यांच्याकडे तिरका ठेवावा लागेल. सभागृहाचा रंगमंच मी पावलांनी मोजला आहे. डाव्या विंगेतल्या प्लगापासून तिथपर्यंत तीस फूट तार लागते, आणि ती पडद्याच्या खालून न्यावी, नाहीतर नाचाच्या मुली अडखळतील.